चौथ्या दिवसाचा रकाना

आमच्या घरात कप फुटला, तर तो फुटला एवढं सांगून भागत नाही. कुठल्या हातातून पडला, हात ओला होता की कोरडा, त्या वेळी लक्ष कुठे होतं, हे सगळं सांगावं लागतं. एवढं सांगून आपण सुटलो असं वाटतं, आणि दोन दिवसांनी जेवताना अगदी सहज विचारल्यासारखा प्रश्न येतो, "तो कप उजव्याच हातात होता ना?" उत्तर बदललं की संपलंच.

आमचे हे बस कंपनीत एकतीस वर्षं अपघात तपासनीस होते. कुठे गाडी ठोकली की टेप, खडू आणि कॅमेरा घेऊन निघायचे. आधी चारी कोपऱ्यांतून फोटो, मग जवळून, मग रस्त्यावरच्या टायरच्या खुणा. चालकाला तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या दिवशी विचारायचे. नोकरी बाहेर ठेवून घरात येणं यांना कधी जमलं नाही. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला वाटायचं, या माणसाचा माझ्यावर विश्वास नाही. तिसऱ्या वर्षी कळलं, की यांचा कुणावरच नाही. मग जरा बरं वाटलं.

यांनी आयुष्यात हजारो फोटो काढले, पण धड वस्तूचा एकही नाही. चेपलेले पत्रे, तडकलेल्या काचा, वाकलेले दिव्याचे खांब. लेकीचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो काढला, तर तिच्या शेजारी भिंतीला घडीची पट्टी टेकवून ठेवलेली. फोटोत माप दिसलं पाहिजे, नाहीतर पुढे कुणी वाद घालतो, असं यांचं म्हणणं. लेक अजून तो फोटो मैत्रिणींना दाखवून हसते.

आणि याच माणसाच्या शब्दावर मी माझा सख्खा भाऊ सोडला.

दादा त्याच कंपनीत चालक होता, घाटातल्या लांबच्या मार्गावर. एकोणीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्याची बस वळणावरचा कठडा तोडून पुढे गेली आणि झाडाला अडकली. बाकीचे वाचले, एक प्रवासी गेला. दादाने जबाब दिला तो असा: "सूर्य डोंगराआड मावळला होता. मी गॉगल काढून ठेवला. वळणावर आलो तर सूर्य परत उगवला, थेट काचेत. पुढचं काही दिसलं नाही." पुन्हा विचारलं तेव्हाही हेच, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही हेच. प्रवासी पेंगत होते, त्यांच्यापैकी कुणालाच काही सांगता आलं नाही.

तपासाला दुसरा तपासनीस नव्हता. चालक माझ्या बायकोचा भाऊ आहे, असं यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं. वरिष्ठ म्हणाले, "म्हणूनच तुम्ही जा. तुम्ही सख्ख्या बापालाही सोडणार नाही." तेव्हा हे राज्याच्या दुसऱ्या टोकाला एका अपघाताच्या तपासात अडकले होते, त्यामुळे आठव्या दिवशी गेले. वळणावर खुर्ची टाकून संध्याकाळभर घड्याळ धरून बसले. सूर्य डोंगराआड गेला तो गेला. अहवालात लिहिलं, "चालकास डुलकी लागली असावी. सूर्य पुन्हा उगवल्याचे विधान झोपेतील भासावर आधारलेले दिसते." दादाची नोकरी गेली. आगारात त्याला 'दोन सूर्य' म्हणून हाक मारायला लागले.

महिन्याभराने दादा आमच्याकडे आला. हे घरी नव्हते. म्हणाला, "त्यांच्या कागदाचं मला काही नाही गं. तू सांग. मी खोटं बोलतोय असं तुलाही वाटतं?" मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं, याची शंभर उत्तरं मला आता माहीत आहेत. तेव्हा मी म्हणाले, "दादा, सूर्य कधी परत उगवतो का रे?" त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि निघून गेला. याच शहरात राहतो, एका गोदामाच्या फाटकावर बसतो. वहिनी वर्षातून एखादा फोन करते. त्याच्याशी मी त्यानंतर बोललेले नाही.

म्हणून सांगते. बाकी हा माणूस कसाही असो, तिरसट असो, कपाळावर आठ्या घेऊन फिरणारा असो, खोटं बोलत नाही, या एकाच गोष्टीवर मी एकोणीस वर्षं काढली. ती गोष्ट खरी नसेल तर मी दादाशी जे वागले त्याला काय आधार उरतो? तो आधार हलायला लागला या वर्षी, आणि तोही एका सहलीच्या कागदावरून.

निवृत्त झाल्यावर यांनी जाहीर केलं, की आता निसर्गाचे फोटो काढणार. मला हसू आवरेना. पण हे खरंच मनावर घेऊन बसले. नवा कॅमेरा आला, ट्रायपॉड आला, फोटो काढणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये नाव गेलं. लोक तिथे धबधब्यांचे, पठारांचे फोटो टाकायचे आणि हे ते मोठे करून त्यातली खोट शोधायचे. "या झाडाची सावली डावीकडे आणि दगडाची उजवीकडे. जोडलेला आहे." रोज दोन-चार जणांशी भांडण. मी म्हटलं, चला, निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी विरंगुळा हवा.

मग ठरली सात दिवसांची सहल. गाडीने जायचं, वस्तीपासून दूर, रानावनातून, आणि फक्त फोटो काढायचे. एकट्यानेच जाणार, म्हणाले. "तुझी कंबर दुखते, वाटेत धड जेवणखाण नाही, पहाटे चारला उठावं लागतं." मी म्हटलं, जा बापडे, मला सात दिवस कुणी कप कसा फुटला ते विचारणार नाही.

नियोजन सुरू झालं आणि माझ्या स्वयंपाकघराच्या कपाटाचं दार गेलं. त्यावर यांनी मोठा कागद चिकटवला. सात आडव्या ओळी, आठ उभे रकाने: दिवस, निघण्याची वेळ, अंतर, पेट्रोल, पाणी, सकाळचा प्रकाश, संध्याकाळचा प्रकाश, काय टिपायचं. पहिल्या दिवशी मोठा जलाशय. दुसऱ्या दिवशी पठार, तिथे गवत आणि एकटी झाडं. तिसऱ्या दिवशी जुनं जंगल. सहाव्या दिवशी नदीची घळ, सातव्या दिवशी परत. प्रत्येक रकाना बारीक अक्षरात भरलेला. सूर्य कुठल्या दिशेला, कुठल्या टेकडीआड किती वाजता जाणार, तेही लिहिलेलं. त्यासाठी यांच्या फोनवर एक ॲप होतं. त्यात जागा आणि तारीख घातली की सूर्याचा सगळा रस्ता दिसतो. त्या ॲपवरही यांचा विश्वास नव्हता, म्हणून आठवडाभर आमच्या गच्चीवरून पडताळा घेतला. सूर्य वेळेवर मावळला की हे नाराज व्हायचे.

पण चौथ्या दिवसाचा रकाना रिकामा होता. 'काय टिपायचं' खाली काही नाही. फक्त 'मुक्काम, दोन रात्री'. म्हणजे पाचवा दिवसही तिथेच. गावाचं नावसुद्धा नाही.

मी भाजी चिरता चिरता विचारलं, "चौथ्या दिवशी काय आहे?"

"काही नाही. विश्रांती." मग हे थांबले आणि पुढे म्हणाले, "गाडीलाही विश्रांती लागते. इंजिन तापतं. आणि माझं वयही काही... शिवाय बॅटऱ्या चार्ज करायच्या असतात."

माझी सुरी थांबली. खोटं बोलणारा माणूस उत्तराला जास्त शब्द वापरतो, हे मला यांनीच शिकवलंय. एरवी एका प्रश्नाला अर्धं उत्तर देणारा हा माणूस, आज एका विश्रांतीची चार कारणं देत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

त्यानंतर मी यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. एकतीस वर्षं तपासनीसाच्या घरात राहिलेल्या बाईला तपास शिकवावा लागत नाही. आधी चारी कोपऱ्यांतून पाहिलं. कागद उजेडात तिरका धरला, तर चौथ्या ओळीत पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं दिसलं. दोन वेळा. चार पन्नास आणि पाच बारा. आता मला सांगा, ज्या दिवशी नुसती विश्रांती आहे, त्या दिवशी पाच वाजून बारा मिनिटांनी काय आहे?

मग तारखा. लेकीचा फोन आला, की मी पुढच्या आठवड्यात येते, बाबांना म्हणावं सहल चार दिवस पुढे ढकला. लेक म्हणजे यांचा जीव की प्राण. हे म्हणाले, "नाही जमणार. तारीख बदलता येत नाही." हवामानखात्याने ढग सांगितले होते, गाडीचा क्लच कुरकुरत होता, तरी तारीख बदलता येत नाही. लेक मला नंतर म्हणाली, "आई, बाबांचं काय चाललंय गं? तू जरा लक्ष ठेव." मी म्हटलं, दुसरं काय करतेय मी?

आणि मग तो फोन. हे गच्चीवर होते, मी वाळत घातलेले कपडे काढायला गेले. हे पाठमोरे उभे राहून बोलत होते, आवाज अगदी हळू. "तीन तारखेपासून आठपर्यंतच ना? नंतर नाही? तुम्ही स्वतः असाल ना तिथे? नाही, नाही, बरोबर कुणी नाही. मला तुमच्याशी प्रत्यक्ष बोलायचंय." पलीकडे बाईचा आवाज होता. मी चादर तशीच दोरीवर ठेवून खाली आले.

मी हसले असते, खरंच. बासष्टाव्या वर्षी, ही आठ्या पडलेली मूर्ती, आणि प्रेमप्रकरण! पण हसू आलं नाही. मला त्या बाईचं तेवढं वाटत नव्हतं. हा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलू शकतो, आणि ते इतकं सहज जमतं, तर आधीही बोलला असेल का, हा विचार काही केल्या जाईना. त्या दिवसापासून मला दादाचा चेहरा दिसायला लागला. पेला खाली ठेवतानाचा.

निघायला तीन दिवस उरले. हे गाडीचे वायपर आणायला गेले, तेव्हा मी कॅमेऱ्याची बॅग उघडली. वरच्या कप्प्यात लेन्स, फिल्टर, काच पुसायचं फडकं, सगळं जागच्या जागी. तळाचा फोम उचलला. खाली एक जुनी फाइल. वर दादाचं नाव, बस क्रमांक, तारीख. ती तारीख आणि सहलीच्या चौथ्या दिवसाची तारीख एकच होती. एकोणीस वर्षांत ती तारीख माझ्या लक्षात राहिली नव्हती, याची मला अजून लाज वाटते. फाइलमध्ये यांचा अहवाल होता, आणि त्याला टाचणीने लावलेला एक नवा रंगीत फोटो. डोंगरांची काळी रांग, रांगेत एक खिंड, आणि खिंडीत मावेल एवढाच गच्च सूर्य. समोर रस्ता, वळण, पांढरा कठडा.

मी फाइल ओट्यावर ठेवली आणि खुर्चीवर बसून राहिले. हे आले ते वायपर हातात घेऊन दारातच थबकले.

"बॅगेला हात लावू नये म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलं नव्हतं. हे काय आहे?"

हे आत आले. मग समोर बसले आणि वायपरचं प्लास्टिक सोलायला लागले. "चार महिन्यांपूर्वी ग्रुपवर हा फोटो आला. खाली लिहिलं होतं, या जागेवरून सूर्य दोनदा मावळतो. मी लिहिलं, हा जोडलेला फोटो आहे. सगळे माझ्यावर तुटून पडले. मग मी तो मोठा केला, जोड कुठे आहे ते दाखवायला. तर हा कठडा दिसला. सात खांब जुने, मधले चार नवे. ते चार तुटलेले मी मोजलेत."

"पण तुम्ही तर तिथे बसून पाहिलं होतं."

"आठव्या दिवशी." यांनी बोटाने टेबलावर एक तिरकी रेघ काढली. "सूर्य सरळ खाली उतरत नाही, तिरका सरकत उतरतो. रांगेआड जातो, सरकतो, आणि वर्षातले मोजके दिवस सरकत सरकत नेमका त्या खिंडीत येतो. सहा मिनिटं. आठ दिवसांत त्याची वाट बदलली होती. मी खुर्ची टाकून बसलो होतो गं. पार अंधार होईपर्यंत बसलो होतो."

"आणि ती बाई? जिच्याशी प्रत्यक्ष बोलायचंय?"

"तिने वळणाशेजारी खोल्या बांधल्यात. पाच वर्षं झाली. फोटोवाले तिच्याकडेच उतरतात. ती दर वर्षी बघते. तिला काही प्रश्न विचारायचेत." मग एकदम यांच्या लक्षात आलं. "तुला काय वाटलं?"

"मला काय वाटलं ते राहू द्या. हे मला का सांगितलं नाहीत?"

"खात्री नव्हती. खात्री झाल्याशिवाय मी बोलत नाही, तुला माहीत आहे."

"दादाच्या वेळी होती का खात्री?"

यांनी वायपर खाली ठेवला. "होती," म्हणाले.

मी पुढचा प्रश्न विचारला, कारण तो विचारल्याशिवाय मला श्वास घेता आला नसता. "आणि तिथे जाऊन ते खरं निघालं असतं, तर? घरी येऊन मला सांगणार होतात?"

हे माझ्याकडे बघत नव्हते. कपाटावरच्या त्या कागदाकडे बघत होते. "माहीत नाही," म्हणाले.

मला भयंकर राग आला. उठून तो कागद टराटरा फाडावा असं वाटलं. पण त्या चार महिन्यांतलं यांचं हे पहिलं उत्तर होतं ज्यावर मी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी मी माझी पिशवी भरली आणि कंबरेचा पट्टा घेतला. यांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही.

पहिले तीन दिवस आम्ही कागदाप्रमाणे फिरलो. जलाशयावर पहाटे धुकं होतं, पठारावर वारा एवढा की ट्रायपॉडला दगडांची पिशवी बांधावी लागली. जंगलात तर वर बघून माझी मान दुखली. सगळं सुंदर होतं, मी नाही म्हणत नाही. पण मी तिथे डोंगर बघायला गेले नव्हते. मी यांना बघत होते. हा माणूस तिथे जाऊन बघेल, आणि बघूनही नाही म्हणेल, काहीतरी कारण काढेल, खिंड तेव्हा वेगळी होती म्हणेल, झाडं वाढली म्हणेल, असं मला सारखं वाटत होतं. यांच्या घड्याळावरही माझा भरवसा नव्हता. मी माझं स्वतःचं घड्याळ पिशवीत ठेवलं होतं, रेडिओवरच्या वेळेशी लावून.

चौथ्या दिवशी दुपारी तिथे पोचलो आणि आभाळ भरून आलं. खोल्यांची मालकीण जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची बाई निघाली, साठीच्या पुढची. तिला पाहून मला माझीच कीव आली. यांनी तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि अर्ध्या तासाने ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हे पोलिसात होते का?" पाच वाजले, पाच बारा झाले, ढगांपुढे काही दिसलं नाही. यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसतंय का, ते मी बघत होते. हेही मधून मधून माझ्याकडे बघत होते. त्या संध्याकाळी आम्ही दोघं एका टेबलावर जेवलो आणि मीठ द्या, पाणी द्या, याखेरीज काही बोललो नाही.

पाचव्या दिवशी आभाळ कोरं झालं.

यांनी वळणाशेजारी ट्रायपॉड लावून कॅमेरा बसवला. समोरून येणारी गाडी थांबवायला मालकीणबाईंना लाल टॉवेल देऊन वळणापलीकडे उभं केलं. मग आम्ही गाडी अर्धा किलोमीटर मागे नेली आणि वळवून थांबलो. चार पन्नासला सूर्य रांगेआड गेला. माझ्या घड्याळात एकावन्न झाली होती. दरीत एकदम सावली पडली, गार वाटायला लागलं. कुणीही म्हटलं असतं, संध्याकाळ झाली. यांनी गॉगल काढला आणि डॅशबोर्डवर ठेवला.

पाच दहाला गाडी सुरू केली. दादाची बस बेचाळीसच्या वेगात होती, आम्ही पंधरावर. रस्ता नीट दिसत होता, राखाडी, एकसारखा. डाव्या हाताला खडक, उजवीकडे दरी. खडक संपला आणि काचेत सगळं पांढरं झालं. मी हात डोळ्यांवर घेतला. बोटांच्या फटीतूनसुद्धा बघवेना. हे म्हणाले, "दिसत नाही." ब्रेक लागला, गाडी थांबली, तरी हे म्हणतच होते, "मला काही दिसत नाही. काहीच दिसत नाही." स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं.

मी उतरले. कठडा आमच्या बोनेटपासून दहा पावलांवर होता. हेही उतरले, पण कॅमेऱ्याकडे न जाता कठड्यावर बसले, सूर्याकडे पाठ करून. मी ओरडले, "फोटो काढा! अहो, उठा, सहाच मिनिटं आहेत. फोटो नसला तर कुणी मानणार नाही." हे उठेनात. शेवटी मी हाताला धरून उठवलं आणि कॅमेऱ्यामागे नेऊन उभं केलं. सूर्य खिंडीच्या दुसऱ्या काठाला टेकून दिसेनासा होईपर्यंत यांनी फोटो काढले. मी मिनिटं मोठ्याने मोजत होते आणि मला रडू येत होतं, दोन्ही एकदम. दादा म्हणाला होता तसंच होतं सगळं, अगदी शब्दाला शब्द.

वळणावर फोनला रेंज नव्हती. मालकीणबाईंच्या पायरीवर होती. यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "नाही. कागद तुम्ही लिहिला होता. तुम्हीच करा."

वहिनीने उचलला. मग दादा आला असावा, कारण हे ताठ उभे राहिले. साहेबांपुढे उभे राहायचे तसे. स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, जसं काही दादा ओळखणार नाही. म्हणाले, "मी त्या वळणावरून बोलतोय. आज पाच वाजून बारा मिनिटांनी मी स्वतः पाहिलं. तुमचा जबाब बरोबर होता. माझा अहवाल चुकीचा होता. मी तसं कंपनीला लेखी कळवतो आहे." एवढं बोलून हे थांबले. पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही. यांनी फोन माझ्याकडे दिला. "तुला विचारतोय," म्हणाले.

मी फोन कानाला लावला. एकोणीस वर्षं मी या क्षणाची तयारी केली नव्हती, उलट तो येऊ नये म्हणूनच जगले होते. दादाचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. मला वाटलं आता बोलेल, आता मला सुनावेल, तुला तेव्हा सांगितलं होतं म्हणेल. मी ते ऐकायला तयार होते. मला ते हवंच होतं.

तो म्हणाला, "तू पाहिलंस? तुझ्या डोळ्यांनी?"

"पाहिलं, दादा."

"म्हणजे..." तो थांबला. "म्हणजे मी झोपलो नव्हतो?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. मी समजत होते, की आम्ही त्याला खोटं ठरवलं म्हणून तो आमच्यावर रागावून दूर बसलाय. तो रागावलेला नव्हता. यांनी लिहिलं, मी मान डोलावली, सगळं आगार हसलं, आणि हळूहळू दादाचाच स्वतःवरचा विश्वास उडाला. आपल्याला गाडी चालवताना झोप लागली आणि एक माणूस आपल्या झोपेपायी गेला, असं मानून तो एकोणीस वर्षं त्या फाटकावर बसला होता.

"नाही दादा," मी म्हटलं. "तू जागा होतास. चांगला टक्क जागा होतास."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून त्याची हाक ऐकू आली, "अगं, इकडे ये. ही काय म्हणतेय ते ऐक." वहिनी फोनवर आली, आणि मी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.